बेस गिटार आणि घरचं रेकॉर्डिंग: खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार आणि मधल्या गावांतून बेसबद्दल जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. आपल्याकडचं गाणं मुख्यतः दोन ठिकाणी ऐकलं जातं: हातातल्या मोबाइलवर आणि वरातीतल्या डीजेवर. पहिल्याला खालचा सूर वाजवताच येत नाही, आणि दुसरा त्याच्याशिवाय फारसं काही वाजवत नाही. आपल्या बेसला दोन्हीकडे टिकायचं असतं. पैसे कशावर घालायचे, तारा कुठल्या लावायच्या, मिक्स कसा करायचा, हे सगळं त्यावरूनच ठरतं.

## वाद्य घेताना

पहिली बेस कोणती घेऊ?

चार तारांची, ३४ इंच स्केलची (स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी), जमल्यास बॅटरी न लागणारी, म्हणजे पॅसिव्ह. यामाहाची टीआरबीएक्स, आयबानेझची जीएसआर, कॉर्टची अ‍ॅक्शन, स्क्वायरची अ‍ॅफिनिटी या मालिकांतलं सगळ्यात साधं मॉडेल घेतलं तरी पुढची चार-पाच वर्षं काही अडत नाही. रुपयांचे आकडे देत नाही, ते सहा महिन्यांत शिळे होतात. प्रमाण मात्र सांगतो: हातात असलेल्या पैशातले निम्मे वाद्यावर घाला. उरलेल्या निम्म्यात ऑडिओ इंटरफेस (बेस लॅपटॉपला जोडणारी डबी), बंद कपांचे हेडफोन, एक बरी केबल, तारांचा जादा सेट आणि कारागिराकडून सेटअप, म्हणजे मान आणि तारांची उंची बसवून घेणं. या यादीत अ‍ॅम्प नाही, हे मुद्दाम. त्याचं कारण पुढे येईल.

आपल्याकडच्या दुकानांत गिटारांच्या रांगेत एखादीच बेस टांगलेली असते आणि तिच्या तारा दोन-दोन वर्षं बदललेल्या नसतात. निवड करून घ्यायची तर नंदुरबारवाल्यांना सुरत जवळ, भुसावळ-जळगाववाल्यांना मुंबईची गाडी सोयीची, धुळेकरांना नाशिक. ऑनलाइन मागवली तर खोकं आल्याबरोबर फोडून तारा ताणू नका. उन्हातल्या टेम्पोतून आलेलं लाकूड असतं, एक रात्र घरात पडू द्या.

प्रिसिजन की जॅझ?

लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराची प्रिसिजन बेस १९५१ ची, जॅझ बेस १९६० ची. बाजारातल्या बहुतेक बेस या दोघींच्या वंशातल्याच. प्रिसिजनवर १९५७ पासून दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग) येतो. तो विजेची घरघर आपोआप मारतो. जॅझवर दोन वेगळे सिंगल कॉइल पिकअप असतात. दोन्हींचे व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की घरघर एकमेकींना खोडते, एकाचा कमी केला की पुन्हा सुरू.

आवाजाच्या बाबतीत जॅझमध्ये रंग जास्त आहेत हे खरं. पण आपल्याकडची वायरिंग, मंडपातला जनरेटर आणि लाइटवाल्याचे डिमर बघता माझं मत प्रिसिजनला. स्टेजवर तिच्याकडून कटकट कमी होते.

गायक ‘काळी दोन’ म्हणतो. मग पाच तारांची घ्यावी लागेल का?

हा प्रश्न परदेशी व्हिडिओंत कुणी विचारत नाही, पण इथे रोजचा आहे. आधी पट्ट्यांचा हिशेब, म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या बेसवर कुठे येतात ते. सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की पांढरी तीन. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी दांडी) पांढरी चार, दुसऱ्यावर काळी तीन, तिसऱ्यावर पांढरी पाच, चौथ्यावर काळी चार, पाचव्यावर पांढरी सहा, सहाव्यावर काळी पाच. त्यावरची तार मोकळी म्हणजे पुन्हा पांढरी सहा, तिच्या दुसऱ्या फ्रेटवर पांढरी सात, तिसऱ्यावर पांढरी एक, चौथ्यावर काळी एक, पाचव्यावर पांढरी दोन, सहाव्यावर काळी दोन. एवढं पाठ केलं की गायकाने पट्टी सांगितल्यावर कीबोर्डवाल्याकडे बघावं लागत नाही.

आता अडचण. पुरुष गायक बरेचदा काळी एक, काळी दोनमध्ये गातात आणि त्या पट्टीचा सर्वांत खालचा ‘सा’ चार तारांच्या बेसवर नाहीच, कारण ती पांढरी तीनला संपते. पाचवी तार लावली तर तो मिळतो: काळी एक ३४.६ हर्ट्झला, काळी दोन ३८.९ हर्ट्झला. पण मिळाला म्हणून ऐकू येतो का? मोबाइलवर तर नाहीच. डीजेचे बहुतेक सबसुद्धा (खालच्या सुरांचे मोठे स्पीकर) ४० हर्ट्झच्या खाली दमतात. तोच काळी एकचा ‘सा’ वरच्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर वाजवला तर ६९ हर्ट्झला येतो, आणि तिथे सब छाती हलवतो. म्हणून चार तारांवर भागवा. पाच तारांचा खरा फायदा वेगळा आहे: हात एकाच जागी ठेवून सगळ्या पट्ट्यांत फिरता येतं. ज्याला रोज तीन गायकांबरोबर वाजवायचं आहे त्याने जरूर घ्यावी.

एक सूचना जाता जाता. पेटी जुनी असेल तर तिचा सूर ट्यूनरच्या ४४० हर्ट्झच्या मापाशी जुळेलच असं नाही. बेस पेटीला लावा. ट्यूनरला काय वाटतं ते बघू नका.

हात लहान आहेत / मुलगी बारा वर्षांची आहे. जमेल का?

जमेल. ३० इंच स्केलची, म्हणजे शॉर्ट स्केल बेस घ्या. फ्रेटमधलं अंतर कमी, ताणही कमी. पॉल मॅकार्टनीची ती प्रसिद्ध व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर शॉर्ट स्केलचीच आहे, त्यामुळे हिला लहान मुलांचं खेळणं समजू नका.

जुनी घेताना काय बघायचं?

मान. बाकी सगळं दुरुस्त होतं, पिळलेली मान होत नाही. बेस आडवी धरून हेडकडून (खुंट्यांच्या टोकाकडून) पुलाकडे (अंगावर तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजकडे) डोळा लावा: दोन्ही कडा एकाच पातळीत दिसल्या पाहिजेत. प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवून बघा, कुठे सूर मरतो का. ट्रस रॉडचा, म्हणजे मानेतल्या सळईचा नट फिरतो का ते विकणाऱ्यासमोरच पाहा. जाम झालेला किंवा गोल झालेला नट असेल तर निघून या. बटणं फिरवताना खरखर होत असेल तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांचं काम आहे.

## ऊन, कूलर आणि लाकूड

मे महिन्यात तारा फ्रेटला लागून झणझणतात, पावसाळ्यात उंच होतात. वाद्य खराब निघालं का?

नाही, तुमचं वाद्य खान्देशात राहतं एवढंच. इथे पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठक्क, आणि जूनच्या मध्यानंतर तीच हवा दमट होते. लाकूड ओल घेतं आणि सोडतं, त्याप्रमाणे मान सरळ होते किंवा पुढे वाकते. ती आवरायला मानेच्या आत लोखंडी सळई असते, तीच ट्रस रॉड.

तपासायची रीत सोपी आहे. बेस वाजवायला घेतो तशी मांडीवर धरा, सुरात लावलेली असू द्या. जाड तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर दाबा, दुसऱ्या हाताने मान जिथे अंगाला जुळते तिथल्या फ्रेटवर. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमध्ये किती फट आहे ते बघा. व्हिजिटिंग कार्ड तार न हलवता जेमतेम सरकेल इतकी, म्हणजे ०.३ ते ०.४ मिलिमीटर, फट हवी. फटच नाही तर मान फार सरळ किंवा मागे गेली आहे: नट घड्याळाच्या उलट दिशेने ढिला करा. फट फार आहे तर घड्याळाच्या दिशेने आवळा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सूर लावा, तासभर थांबा, पुन्हा मोजा. योग्य मापाची अ‍ॅलन की वापरा. सैल किल्लीने नट गोल झाला की खर्च मोठा. हाताला जोर लावावा लागला तर थांबा आणि कारागिराकडे जा.

मान बसल्यावर बाराव्या फ्रेटपाशी तारेची उंची दोन ते अडीच मिलिमीटर ठेवा. शेवटी बाराव्या फ्रेटवर तार दाबून येणारा सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून येणारा सूर) जुळतो का ते पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर पुलावरचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे घ्या.

वर्षातून दोनदा, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा पाऊस स्थिरावल्यावर, एवढं केलं की पुरतं.

कूलरसमोर बसून रियाज केला तर चालतो का?

तुम्हाला चालतं, बेसला नाही. डेझर्ट कूलर ओली हवा फेकतो. ती एका बाजूने मानेवर आदळते आणि दुपारभरात सूर हलतो. थोडं बाजूला बसा. रियाज झाला की बेस भिंतीला टेकवून न ठेवता बॅगेत ठेवा, बॅगेत सिलिका जेलची पुडी टाका. आणि लग्नाच्या गाडीच्या डिकीत भर दुपारी वाद्य सोडून जेवायला जाऊ नका. बंद गाडीतली उष्णता डिंक मऊ करायला पुरेशी असते.

तारा कुठल्या? आणि उकळून पुन्हा चालतात का?

४५ ते १०५ गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) निकेल राउंडवाउंड, म्हणजे गोल गुंडाळीच्या. स्टीलच्या तारा जास्त चमकदार, पण फ्रेट खातात. सपाट गुंडाळीच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारांचा आवाज गोल, मऊ आणि जुन्या हिंदी गाण्यांच्या जवळ जाणारा, पण मोबाइलवर त्या हरवतात, कारण मूळ सुराबरोबर वाजणारे वरचे सूर, म्हणजे हार्मोनिक, त्यांच्यात कमी. म्हणून मी राउंडवाउंडच सुचवतो.

उकळून चालतात, चार-सहा दिवस. मळ निघतो, धातूचा थकवा निघत नाही. त्यापेक्षा वाजवून झाल्यावर रोज सुती फडक्याने पुसा. आपल्या घामाला तेवढाच उपाय.

अ‍ॅक्टिव्ह बेसची बॅटरी आठवड्यात संपते.

केबल जॅकमध्ये तशीच राहते ना? बहुतेक अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये केबल घुसवली की सर्किट चालू होतं. वाजवून झालं की केबल काढा, ९ व्होल्टची बॅटरी कित्येक महिने जाते.

## वीज आणि घरघर

रेकॉर्डिंगमध्ये सारखा घूंऽऽ येतो. इक्वलायझरने काढू का?

काढू नका. आपल्या विजेची घरघर ५० हर्ट्झची आणि जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरची पांढरी पाच आहे ४९ हर्ट्झची. घरघर कापायला गेलात की हा सूरही कापला जाईल आणि गाण्यात नेमका तोच सूर आला की बेस नाहीशी होईल. रोग मुळाशीच शोधावा लागतो.

क्रमाने जा. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होतो का? होत असेल तर आजूबाजूची गडबड पिकअप पकडतोय: ट्यूबलाइट, फॅनचा रेग्युलेटर, कूलरची मोटर, मॉनिटर यांपासून लांब बसा, जागेवर फिरून बघा, एका दिशेला आवाज निम्मा होतो. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर जातो का? मग दोष चार्जरच्या बाजूने, टेक (रेकॉर्डिंग) लॅपटॉपच्या बॅटरीवर घ्या. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर वाढतो का? जुने चौकोनी लहरींचे इन्व्हर्टर बझ करतातच. घ्यायचाच झाला तर साइन वेव्हचा घ्या.

एवढं करूनही राहिला तर घराची अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. अर्थिंग असली तरी एप्रिल-मेमध्ये जमीन वाळली की ती कमजोर पडते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी सोडायची पद्धत त्यासाठीच आहे. हे काम वायरमनचं, आपलं नाही.

स्टेजवर माइकला ओठ लागले की झटका बसतो. फोम लावला तर चालेल?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. तारांवरचा हात आणि माइक यांच्यात व्होल्टेजचा फरक आहे असा त्याचा अर्थ, आणि मंडपात पायाखाली ओली माती असते. वाजवणं थांबवा, साउंडवाल्याला सांगा. तुमचा अ‍ॅम्प आणि त्याचा मिक्सर एकाच बोर्डावरून, चालू अर्थिंगवर घ्यायला लावा. अर्थची पिन तोडून घरघर घालवायचा सल्ला कुणी दिला तर त्याचं पुन्हा काही ऐकू नका. घरघरीसाठी डीआय बॉक्सवर (बेस आणि मिक्सर यांच्यामधली डबी) ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण असतं, ते दाबा.

मग अ‍ॅम्प खरंच नको?

घरात नको. हेडफोनवर रियाज होतो, शेजारीही बोलत नाहीत. स्टेजवर डीजे किंवा साउंडवाल्याकडे तुमच्या कुठल्याही छोट्या अ‍ॅम्पपेक्षा दहापट मोठे सब असतात. त्यांच्याकडे नीट सिग्नल पोचवणं हे तुमचं काम, आणि ते डीआय बॉक्स करतो. गिटारची साधी केबल पाच-सहा मीटरपुढे गेली की आवाज मंद होतो आणि घाण उचलते. डीआयमधून निघालेली बॅलन्स्ड लाइन मंडपाच्या टोकापर्यंत जाते. बेस पॅसिव्ह असेल तर डीआय अ‍ॅक्टिव्ह घ्या. त्याला मिक्सरवरून ४८ व्होल्ट फँटम (केबलमधूनच येणारी वीज) लागतं, ते चालू करायला सांगा. बेस अ‍ॅक्टिव्ह असेल तर साधा पॅसिव्ह डीआय भागवतो.

गिटारच्या छोट्या अ‍ॅम्पमध्ये बेस लावून आवाज वाढवू नका. स्पीकर फाटेल.

## खोलीत रेकॉर्डिंग

कमीत कमी काय लागतं?

लॅपटॉप, इंटरफेस, हेडफोन. इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेला इनपुट हवाच. बेसचा पिकअप साध्या लाइन इनपुटला जोडला तर आवाज दबलेला येतो, कारण त्याला १ मेगाओहमच्या आसपासचा इनपुट लागतो. फोकसराइट स्कार्लेट सोलो किंवा बेहरिंगर यूएमसी २०२ एचडी, दोन्हींनी काम होतं. सॉफ्टवेअरमध्ये रीपर: ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि जुन्या लॅपटॉपवरही पळतं. मॅक असेल तर गॅरेजबँड आहेच.

मोबाइलवरही होतं. ओटीजी जोडून इंटरफेस लावा. फक्त मोबाइल त्याला पुरेशी वीज देईलच असं नाही, पॉवर मिळणारा यूएसबी हब मध्ये टाका.

वाजवल्यावर आवाज उशिरा येतो.

विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाका, बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलवर आणा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद, म्हणजे स्पीकर एक मीटर लांब ठेवल्यावर जेवढा उशीर होतो तेवढाच. आत-बाहेरचं मिळून थोडं वाढतं, पण हाताला कळत नाही. लॅपटॉप दमला तर इंटरफेसवरचा डायरेक्ट मॉनिटर वापरा, म्हणजे आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट हेडफोनला येतो. ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर बाकी काहीही करून उपयोग नाही, तो आधी काढा.

दहा बाय दहाच्या खोलीत अंड्याचे ट्रे लावले, तरी बेस घुमते.

अंड्याच्या ट्रेला बेस दिसतसुद्धा नाही. सगळ्यात खालचा सूर ४१ हर्ट्झचा, त्याची हवेतली लांबी सव्वाआठ मीटर. पुठ्ठ्याचं ते काम नाही. आणि तुमची खोली तर चौरस! दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपास आवाज उभा राहतो. मोकळी पांढरी सहाची तार आहे ५५ हर्ट्झची. म्हणून तो एकच सूर ढगासारखा गडगडतो आणि बाकीचे सपाट लागतात. मे महिन्यात खोली ४० अंशाला गेली की आवाजाचा वेग वाढतो, हा आकडा ५८ ला सरकतो, आणि मग घुमणारा सूर पांढरी सहाऐवजी काळी पाच असतो. जानेवारीत बसवलेला मिक्स मेमध्ये वेगळा का लागतो, त्यात याचाही वाटा आहे.

उपाय म्हणजे बेसचे निर्णय स्पीकरवर न घेता हेडफोनवर घ्या. स्पीकर असतील तर खोलीच्या बरोबर मध्यभागी बसू नका, भिंतीला चिकटूनही नको. गायनासाठी मात्र घरातल्या कापसाच्या जाड गाद्या कोपऱ्यांत उभ्या करा. त्या बाबतीत आपला खान्देश श्रीमंत आहे, आणि विकतच्या पातळ फोमपेक्षा त्या नक्कीच बऱ्या.

दुपारी कूलर, संध्याकाळी वरात. रेकॉर्डिंग करायचं कधी?

गायकाने रात्री दोनला करावं. बेसवाल्याने केव्हाही. बेस थेट केबलने आत जाते, खोलीतला आवाज तिच्यात येतच नाही. बाहेर डीजे वाजत असताना चांगला टेक घेता येईल असं आपल्या घरातलं हे जवळजवळ एकमेव वाद्य आहे. फक्त कूलरच्या मोटरपासून लांब बसा, वर सांगितलं ते लक्षात असू द्या.

लेव्हल किती ठेवायची?

२४ बिटवर, सगळ्यात जोरात वाजवल्यावर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये टोक यावं. लाल दिवा लागला तर टेक गेला. कमी आला तर वाढवता येतो.

“भाऊ, मना मोबाइलवर बेस ऐकूच येत नही, काय करू?”

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून थोडं सविस्तर.

मोबाइलचा इवलासा स्पीकर साधारण २००-३०० हर्ट्झच्या खाली जवळपास मुका असतो. बेसचे मूळ सूर ४१ पासून सुरू होतात. म्हणजे मोबाइलवर बेसचा मूळ सूर कधीच वाजत नाही, भल्या भल्यांच्या गाण्यातही नाही. तरी तिथे बेस ऐकू येते, कारण एका सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर वाजत असतात. ते कानावर पडले की खालचा गायब सूर मेंदू स्वतः भरून काढतो. म्हणून खालचा आवाज वाढवत राहिलात तर मोबाइलवर काही फरक पडणार नाही आणि डीजेवर गायक बुडेल. वाढवायचे ते वरचे सूर.

करायची पद्धत अशी. बेसच्या ट्रॅकची नक्कल करा. मूळ ट्रॅकवर १५०-२०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापा, कॉम्प्रेसरने (मोठा आवाज दाबून सगळं एका पातळीला आणणारं प्लगइन) घट्ट करा: ४ ला १ चं प्रमाण, सूर सुरू होतानाचा ठोका निसटेल इतका २०-३० मिलिसेकंदांचा अटॅक (दाबायला लागेपर्यंतचा वेळ), सुई ४-५ डेसिबल हलली की पुरे. नकलेवर त्याच बिंदूच्या खालचं कापा आणि तिला सॅच्युरेशन किंवा हलकं डिस्टॉर्शन द्या, म्हणजे आवाज थोडा फाटून वरचे सूर वाढतात. एकटी ऐकली तर ती घाणेरडी वाटेल, वाटू दे. आता पूर्ण गाणं मोबाइलवर लावा आणि नकलेचा आवाज शून्यापासून वर आणा. बेस चालतेय एवढं कळलं की थांबा. मग गाडीत किंवा ओळखीच्या डीजेकडे मूळ ट्रॅक किती जड लागतो ते बघा. दोन ट्रॅक, दोन श्रोते, एकमेकांच्या आड येत नाहीत. नकलेवरच्या प्लगइनमुळे ती मागे सरकली तर दोघी एकमेकींना पोकळ करतात. शंका आली तर एकीचा फेज (लहरीची वर-खाली दिशा) उलटा करून बघा: ज्या बाजूला आवाज भरीव, ती बाजू बरोबर.

३० हर्ट्झच्या खालचं दोन्हीकडून कापून टाका. तिथे संगीत नसतं, हाताचे धक्के असतात आणि डीजेचा अ‍ॅम्प त्यांच्यावर फुकट तापतो. आणि बेस कायम मधोमध, मोनो.

## वाजवणं आणि ऐकणं

कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस वाजवतोच. मग मी कशाला?

कारण त्याला सूर कुठे संपवायचा ते जमत नाही. बेसचं निम्मं काम सूर थांबवण्यात असतं. शिवाय घसरत जाणारी मींड, मेलेल्या तारेची टपटप, बोटाचा जोर बदलला की बदलणारा रंग, यांतलं कीबोर्डवर फार थोडं येतं.

अहिराणी गाण्यात बेस काय वाजवू?

कमी. ढोलकच्या डाव्या पुडीचा घुमारा आणि तुमची बेस एकाच मजल्यावर राहतात. केहरवा असेल तर पहिल्या मात्रेला आखूड ‘सा’, पाचव्या मात्रेला ‘प’, आणि मधली जागा ढोलकवाल्याची. आधी हे दोन तास न कंटाळता वाजवून दाखवा, मग बाकी.

कानबाईची, आखाजीची, म्हणजे आपल्या सणांची पुष्कळ गाणी मोजक्या सुरांत फिरतात. त्यांच्याखाली इंग्रजी पद्धतीने दर दोन ओळींना कॉर्ड बदलत नेले की गाणं परकं होतं. एकाच ‘सा’वर बसून लय हलवत ठेवणं जास्त शोभतं. नंदुरबारकडच्या पावरीबरोबर, म्हणजे आदिवासींच्या फुंकवाद्याबरोबर, वाजवायची वेळ आली तर आधी तिचा सूर ऐकून घ्या आणि बेस तिला लावा. ती तुमच्यासाठी बदलणार नाही.

कोणाला ऐकू?

जेम्स जेमर्सनपासून सुरुवात करा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत त्याने एका तर्जनीने जे वाजवलं ते अजून कुणाला सुटलेलं नाही. तारा फ्लॅटवाउंड, आणि तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत असा त्याचा खाक्या. त्याच काळात लॉस एंजलिसच्या स्टुडिओंत कॅरल के पिकने वाजवत होती. ती मूळची गिटारवाली, त्यामुळे ‘गिटार येते, बेस येईल का?’ या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. जॅको पास्टोरियसने जॅझ बेसचे फ्रेट काढून लाकडावर होड्यांना लावतात तो इपॉक्सी चढवला आणि बेसला गायला लावलं. त्याला ऐका, पण पहिल्या वर्षी त्याची नक्कल करू नका.

आपल्याकडे, राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ. ए. आर. रहमान यांच्या गाण्यांतले चेन्नईचे कीथ पीटर्स, ज्यांच्याकडून जागा सोडणं शिकावं. मुंबईची मोहिनी डे, १९९६ चा जन्म, उजवा हात बघताना डोळे थकतात. आणि इंडियन ओशन या बँडचे राहुल राम: कॉर्नेलहून डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस नव्वदच्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होता. ती नदी आपल्या अक्कलकुवा-धडगावच्या उत्तरेची हद्द. एका वेळी गाणं आणि बेस दोन्ही कसं सांभाळायचं, ते त्यांच्याकडून बघा.

शिकायला किती दिवस लागतात?

मंडळात उभं राहण्याइतकं चार-सहा महिन्यांत येतं, रोज अर्धा तास दिला तर. मेट्रोनोम लावून. मेट्रोनोमशिवायचा अर्धा तास धरत नाही.

पुण्या-मुंबईच्या स्टुडिओला घरून ट्रॅक पाठवता येतो का?

येतो, आणि कामं अशी मिळतातही. त्यांच्याकडून गाण्याचा टेम्पो आणि क्लिक मागून घ्या. तुमचा ट्रॅक गाण्याच्या अगदी शून्यापासून काढा, बेस दुसऱ्या कडव्यात येत असली तरी. वेव्ह फाइल, २४ बिट, त्यांनी सांगितलेला सॅम्पल रेट, सांगितला नसेल तर ४८ किलोहर्ट्झ. एक फाइल कोरडी, कसलाही इफेक्ट नसलेली, आणि हवी तर दुसरी तुमच्या आवाजाची. फाइलच्या नावात गाणं, टेम्पो आणि पट्टी लिहा. एमपीथ्री पाठवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. आणि पाठवण्याआधी ती फाइल रिकाम्या प्रोजेक्टमध्ये त्यांच्या ट्रॅकखाली टाकून एकदा शेवटपर्यंत ऐका. क्लिकचा आवाज तिच्यात राहून गेला असेल तर तेव्हाच कळतं.